शाहरुखवर वाढलेल्यांनी के-ड्रामा कसा बघावा

घरोघरी हल्ली एक भांडण ठरलेलं आहे. कॉलेजातली मुलगी कानात इअरफोन घालून कोरियन मालिका बघते, मध्येच डोळे पुसते, आणि आई डोकावून म्हणते, "अगं, सहावा भाग चाललाय ना? अजून साधा हातसुद्धा धरला नाही त्यांनी, आणि तू रडतेस कसली?" मुलीचं उत्तर तयारच असतं: "आणि तुझ्या पिक्चरमध्ये? पहिल्या गाण्यात प्रेम, दुसऱ्या गाण्यात स्वित्झर्लंड!"

दोघींचंही खरं आहे. हा लेख मुख्यतः आईसाठी आहे, म्हणजे हिंदी-मराठी प्रेमपटांवर पोसलेल्या आणि आता "बघू तरी काय असतं ते" म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी. मुलीसाठीही पुढे थोडं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते वजा करता येईल. दोन्हीकडे गोष्ट एकच असते: दोन माणसांना एकत्र यायचंय. फरक दोन ठिकाणी पडतो. त्यांना अडवतं कोण, आणि गोष्ट सांगायला वेळ किती मिळालाय. हे दोन प्रश्न हाताशी ठेवले की एकीच्या फूटपट्टीने दुसरीला मोजायची खोड आपोआप सुटते.

कोरियन लाट आपल्याकडे लॉकडाऊनमध्ये आली असं सर्रास म्हटलं जातं. महाराष्ट्रापुरतं ते बरंचसं खरं आहे. पण मणिपूरमध्ये ती वीस वर्षं आधीच पोचली होती. २००० साली तिथल्या एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली, केबलवरून हिंदी गेलं, आणि त्या रिकाम्या जागेत अरिरांग ही कोरियन वाहिनी आणि सीमेपलीकडून येणाऱ्या सीडी येऊन बसल्या. त्यामुळे "हे काय नवीन फॅड" असं एखाद्या मणिपुरी मैत्रिणीसमोर म्हणू नका, ती हसेल.

पहिली पायरी: तासांचा हिशेब समजून घ्या

नेहमीची कोरियन प्रेममालिका १६ भागांची असते आणि एक भाग तासभर ते सत्तर मिनिटांचा. टीव्हीवर ती आठवड्याला दोन भाग अशी चालते, म्हणजे दोन महिन्यांत खेळ खलास. अलीकडे १२ भागांच्या मालिकाही बऱ्याच येतात. बेरीज केलीत तर एक मालिका म्हणजे पाच-सहा हिंदी चित्रपट झाले. ऐकून छाती दडपते खरी, पण आपल्या दैनंदिन मालिकांशी तुलना करून बघा. आपल्याकडे टीआरपी चांगला आला की कथेत पाणी घातलं जातं, खलनायिकेची बहीण येते, नायकाची स्मृती जाते, आणि दीड वर्षाने आपणच विसरतो की मूळ गोष्ट काय होती. कोरियन प्रेममालिका बहुतेक वेळा संपते. दुसरा सीझन हा अपवाद. लेखिकेला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की सोळाव्या भागात दार बंद करायचंय.

याचा परिणाम गतीवर होतो. हिंदी चित्रपटाला प्रेम जमवायला फार तर पाऊण तास मिळतो, म्हणून तिथे एक गाणं लागतं आणि गाण्याच्या शेवटी आपण मान्य करून टाकतो की हे प्रेमात पडले. कोरियन मालिकेला घाई नाही. पहिलं चुंबन बरेचदा निम्म्या वाटेवर, सातव्या-आठव्या भागाच्या आसपास येतं आणि तोवर तुम्ही छत्री कुणी कुणाच्या बाजूला जास्त कलती धरली, हे मोजायला शिकलेले असता.

म्हणून पहिल्या भागावरून निकाल देऊ नका. पहिले दोन भाग अनेकदा गोंगाटाचे असतात: आरडाओरडा, पडापडी, विनोदी आवाज, उगाच परदेशातलं चित्रीकरण. चार भाग द्या. चौथ्या भागानंतरही त्या दोघांचं पुढे काय होणार याची उत्सुकता वाटत नसेल, तर खुशाल बंद करा. "सुरू केलीय तर संपवलीच पाहिजे" ही ताटात वाढलेलं संपवण्याची शिस्त इथे लागू नाही. आणि एक सूचना: बाराव्या ते चौदाव्या भागात बहुतेक मालिका ढेपाळतात. दोघांपैकी एकजण "तुझ्या भल्यासाठी मी दूर जातोय" असं ठरवतो, समोरच्याला विचारत नाही, आणि दोन तास पाऊस पडतो. हा भाग दीडपट वेगाने बघायला माझी पूर्ण परवानगी आहे.

दुसरी पायरी: आवडत्या प्रेमपटावरून पहिली मालिका ठरवा

"सगळ्यात गाजलेली कुठली?" असं विचारून सुरुवात करू नका. आपल्याकडचं काय आवडतं ते आधी बघा.

'वीर-झारा' बघताना रडला असाल तर 'क्रॅश लँडिंग ऑन यू'. २०१९ च्या डिसेंबरात सुरू होऊन २०२० च्या फेब्रुवारीत संपलेली ही मालिका. दक्षिण कोरियातली बड्या घरची उद्योजिका से-री पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियात जाऊन पडते. तिथला लष्करी अधिकारी तिला लपवतो. वाचताना बाष्कळ वाटतं, कबूल. पण चौथ्या भागाचा शेवट बघा. से-रीने आधी त्याच्याकडे सुगंधी मेणबत्ती मागितलेली असते आणि त्या भाबड्याने साधी, वीज गेल्यावर लावायची मेणबत्ती आणून दिलेली असते. मग एका रात्री ती बाजाराच्या गर्दीत हरवते. ओळखीचं कुणी नाही, पकडली गेली तर जिवावर बेतेल, आणि आजूबाजूला नुसती डोकी. तेवढ्यात गर्दीच्या वर एक हात दिसतो, हातात पेटती मेणबत्ती. तो तिला शोधत उभा आहे, आणि ती जवळ आल्यावर सांगतो की या वेळी सुगंधी आणली आहे. ना मिठी, ना हातात हात. एवढ्या एका दृश्यासाठी आधीचे चार तास खर्ची घातलेले असतात, आणि ते वसूल होतात. हिंदी चित्रपटाला हे परवडणार नाही, कारण साधी मेणबत्ती आणायचा प्रसंगच संपादनात कापला जाईल. (नायक-नायिका ह्यून बिन आणि सोन ये-जिन यांनी २०२२ मध्ये खरंच लग्न केलं, त्यामुळे ही मालिका आता दुप्पट गोड लागते.)

२०१२ साली झी मराठीवर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' घड्याळ लावून बघितली असेल, तर घना-राधाचं ते कराराचं लग्न आठवत असेलच. कोरियन मालिकांमध्ये कराराचं लग्न हा एक भरभक्कम उपप्रकार आहे. 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' (२०१७) घ्या. त्याच्यावर घराचं कर्ज आहे, तिला सोलमध्ये डोक्यावर छप्पर हवंय, म्हणून घरमालक आणि भाडेकरू लग्न करतात. मुंबईत वन रूम किचनसाठी आयुष्य घासलेल्यांना हे कारण अजिबात परकं वाटणार नाही.

हलकंफुलकं, ऑफिसातलं, दोन शनिवार-रविवारांत संपणारं हवं असेल तर 'बिझनेस प्रपोजल' (२०२२), १२ भाग. मैत्रिणीऐवजी स्वतःच 'बघायच्या कार्यक्रमाला' गेलेली मुलगी आणि समोर तिच्याच कंपनीचा मालक. डोकं बाजूला ठेवून बघावी. गाव, समुद्र, शेजारीपाजारी आवडत असतील तर 'होमटाउन चा-चा-चा' (२०२१), शहरातून किनाऱ्यावरच्या गावी आलेल्या दंतवैद्य बाईची गोष्ट.

'रिप्लाय १९८८' मात्र वेगळी काढते. ती फक्त प्रेमकथा नाहीच. सोलमधल्या साँगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच घरं, पाच मुलं, साल १९८८, शहरात ऑलिम्पिक. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी एका घरातली आई मुलाच्या हातात भाजीचं भांडं देऊन शेजारी पाठवते, शेजारीण रिकामं भांडं परत कसं पाठवणार म्हणून त्यात दुसरं काहीतरी घालते, आणि मुलं अशी पळत राहतात की शेवटी प्रत्येक घरात सगळ्यांचे पदार्थ असतात. गिरगावातली चाळ उचलून सोलमध्ये ठेवावी तशी ती गल्ली आहे. २० भाग आहेत, काही भाग तर दीड तासाचे, म्हणून पहिली मालिका म्हणून नका घेऊ. तिसरी-चौथी घ्या. आईवडिलांबरोबर बघता येईल अशी ही सर्वांत खात्रीची मालिका.

'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स'पासून (२००९) सुरुवात करू नका, कितीही जणांनी सांगितलं तरी. एका पिढीला कोरियन मालिकांचा नाद हिने लावला हे खरं, ली मिन-हो घराघरांत पोचला हेही खरं. पण श्रीमंत पोरगा गरीब मुलीला शाळेत छळतो आणि त्यालाच प्रेम म्हणायचं, हे आज पचत नाही. अर्थात आपण फार नाक मुरडू नये. मुलीचा पाठलाग करत गाणी म्हणणारे नायक आपण नव्वदच्या दशकात शिट्ट्या वाजवून डोक्यावर घेतले.

तिसरी पायरी: आवाज कोरियनच ठेवा

हिंदी डबिंग आता सहज मिळतं, आणि भाजी निवडता निवडता बघायचं असेल तर तेच सोयीचं. पण पहिली मालिका तरी मूळ आवाजात, खाली सबटायटल लावून बघा. या मालिकांमध्ये अर्धं नाट्य कोण कुणाला कसं संबोधतं यात असतं. वयाने वर्षभर मोठ्या माणसाशीसुद्धा आदरार्थी बोलायचं, ओळख वाढली की कुणीतरी विचारायचं "आता अरे-तुरे करूया का?", आणि भांडण झालं की मुद्दाम पुन्हा अहो-जाहोवर यायचं. इंग्रजी सबटायटलात हे सगळं एका सपाट 'यू'मध्ये गडप होतं. मराठी माणसाला मात्र कान दिला की ते कळतं, कारण नवऱ्याला 'अहो' म्हणणारी पिढी आणि 'ए' म्हणणारी पिढी दोन्ही आपण एकाच घरात बघितल्या आहेत.

चार-पाच शब्द आधी माहीत असले की पुरे. मुलगी मोठ्या भावाला किंवा वयाने मोठ्या प्रियकराला 'ओप्पा' म्हणते. मुलगा मोठ्या बहिणीला किंवा वयाने मोठ्या मुलीला 'नूना' म्हणतो, आणि अशा मुलीच्या प्रेमात पडला तर हा शब्द सोडायचा की नाही यावर अख्खा भाग जातो. मुलगे मोठ्या मुलाला 'ह्यंग', मुली मोठ्या मुलीला 'उन्नी', आणि कॉलेजात-ऑफिसात सीनियरला 'सनबे'. सबटायटलात या जागी बरेचदा नुसतं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे पडद्यावर 'ओप्पा' ऐकू येतं आणि खाली भलतंच दिसतं, गोंधळू नका.

वयाचं आणखी एक. जुन्या मालिकांत पात्रं स्वतःचं वय सांगतात ते आपल्या हिशेबापेक्षा एक-दोन वर्षांनी जास्त असतं. जन्मल्याबरोबर एक वर्ष, आणि दर १ जानेवारीला आणखी एक, अशी तिथली पारंपरिक मोजदाद होती. जून २०२३ पासून सरकारी कामकाजात आपल्यासारखंच वय मोजतात.

कुठे बघायचं? गाजलेल्या बहुतेक मालिका नेटफ्लिक्सवर आहेत. विकी नावाच्या सेवेवर जुन्या मालिकांचा साठा मोठा आणि तिथली सबटायटलं स्वयंसेवक करतात. हक्क इकडून तिकडे जात राहतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी हवी ती मालिका तिथे आहे का ते शोधून घ्या.

चौथी पायरी: दाराशी कोण उभं आहे ते बघा

ही पायरी चुकवू नका. मत बनतं ते इथे.

हिंदी प्रेमपटात अडथळा बहुधा बाहेर असतो आणि त्याला चेहरा असतो. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) घ्या. मुंबईच्या मराठा मंदिरात हजाराहून जास्त आठवडे चाललेल्या या चित्रपटात अडथळा म्हणजे एक बाप आणि त्याने मित्राला दिलेला शब्द. बारकाईने बघितलं तर बाकी काहीच आड येत नाही. दोघं पंजाबी, दोघं लंडनचे, पैशाची ददात नाही, जातीचा उल्लेख नाही. बापाने हात सोडला की गाडी पकडता येते. म्हणूनच तो इतका गोड आहे, आणि म्हणूनच थोडा लबाडही. मला तो आजही आवडतो. पण त्याला 'भारतीय प्रेमकथा' म्हणण्यापेक्षा 'भारतीय प्रेमस्वप्न' म्हणावं.

त्यासमोर 'सैराट' (२०१६) ठेवा. नागराज मंजुळेंनी आधीचा अर्धा चित्रपट अगदी हिंदी पद्धतीने रंगवला: विहीर, बुलेट, ट्रॅक्टर, स्लो मोशन, गाणी. मग अडथळ्याचं खरं नाव घेतलं, जात, आणि ती अशी वस्तू आहे की तिचा हात कुणी सोडवून देत नाही. हैदराबादच्या झोपडपट्टीतला संसार दाखवायला जो वेळ घेतलाय, तो मला त्या चित्रपटाचा सर्वांत धाडसी भाग वाटतो. पळून गेल्यावर गोष्ट संपते, असं आपल्याला तोवरच्या चित्रपटांनी शिकवलं होतं.

कोरियन मालिकेत अडथळा दोन ठिकाणी सापडतो. एक म्हणजे पैसा. सॅमसंग, ह्युंदाई यांसारखे घराण्यांच्या हातातले अवाढव्य उद्योगसमूह तिथे आहेत, त्यांना 'चेबोल' म्हणतात, आणि मालिकांतला निम्मा नायकवर्ग अशाच काल्पनिक घराण्यांचा वारस असतो. नायिका गच्चीवरच्या भाड्याच्या खोलीत राहते. नायकाची आई तिला कॅफेत बोलावते, पैशाचं पाकीट पुढे सरकवते, "माझ्या मुलाला सोड" म्हणते, आणि नकार मिळाला की पेल्यातलं पाणी तोंडावर फेकते. हे दृश्य इतकं घासलं गेलंय की आता मालिका स्वतःच त्याची टिंगल करतात. पण त्यामागचं दुखणं खरं आहे: घरभाडं, नोकरीच्या परीक्षा, कुणाच्या बापाचं काय आहे. मला खटकतं ते उत्तर. विषमतेवर उपाय काय, तर चांगल्या मनाचा मालक भेटणे. आपल्या साठच्या दशकातल्या चित्रपटांतही गरीब नायकाला श्रीमंत सासरा भेटायचाच.

दुसरा अडथळा आत असतो. लहानपणीचं काहीतरी: अपघात, सोडून गेलेली आई, शाळेतला छळ. कोरियन मालिका प्रेमाला उपचार मानतात. तिच्या सहवासात त्याची झोप परत येते, वगैरे. 'इट्स ओके टू नॉट बी ओके' (२०२०) तर मानसोपचार रुग्णालयातच घडते. हे आपल्याकडे कमी आहे. आपला नायक बाहेर दहा जणांना लोळवेल, पण रात्री झोप का लागत नाही हे सांगणार नाही. माझ्या मते मुली कोरियन मालिकांकडे वळतात त्याचं मोठं कारण चकचकीत त्वचेचे नायक नसून हे आहे: तिथला पुरुष ऐकतो, स्वयंपाक करतो, आणि चारचौघांत रडतो. तिथल्या मालिका लिहिणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे. नायकाकडे बघणारी नजर कुणाची आहे ते त्यावरून लगेच कळतं.

आणि कधीकधी अडथळा अगदी आपल्या ओळखीचा निघतो. कोरियात एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळ कुळाच्या मुलामुलीने लग्न करायला कायद्याने बंदी होती. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने १९९७ मध्ये ती घटनेशी विसंगत ठरवली. 'रिप्लाय १९८८'मधल्या एका जोडीपुढे नेमका हाच पेच आहे. कुठल्या, ते सांगत नाही. सगोत्र म्हणून मोडलेली स्थळं ज्यांच्या घरात आहेत, त्यांना त्या आईवडिलांचा चेहरा समजावून सांगावा लागणार नाही. 'समथिंग इन द रेन'मधली (२०१८) आईसुद्धा तशीच. मुलगा चांगला आहे, डोळ्यांदेखत वाढलाय, पण "त्याचं घराणं काय?" मला तिचा इतका राग आला की मालिका चांगली असावी.

पाचवी पायरी: ठरावीक गोष्टींना हसा आणि पुढे जा

आपल्याकडे पदर घड्याळात अडकतो, तिकडे नायक नायिकेचं मनगट धरून ओढतो. (हे हल्ली कमी झालंय, बरं झालं.) दारू पिऊन खरं बोलणं आणि मग पाठुंगळी बसून घरी जाणं. रस्ता ओलांडताना भरधाव ट्रक. लहानपणी एकदा भेटलो होतो, हे बाराव्या भागात कळणं. आणि दुसरा नायक: सभ्य, समजूतदार, पहिल्या भागापासून तिच्या मागे उभा आणि शेवटी एकटा. त्याच्यासाठी जीव तुटायला लागला की समजा तुम्ही पक्के प्रेक्षक झालात.

पात्रं मध्येच एका ठरावीक सँडविचच्या दुकानात का जातात, असा प्रश्न पडेल. जाहिरात आहे. मालिकेचा खर्च त्यातूनही निघतो. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या मालिकांत सिगारेट आणि सुरी धूसर केलेली असते. तुमच्या टीव्हीत बिघाड नाही.

सहावी पायरी: गाणी शोधू नका, ऐका

इथे आपल्या प्रेक्षकाला सुरुवातीला चुकल्यासारखं होतं. पात्रं गात नाहीत. गाणं मागून येतं, दर भागात तेच तीन-चार तुकडे, आणि दहाव्या भागापर्यंत पियानोचे दोन सूर वाजले की डोळे भरतात. हे सवयीने साधलेलं आहे. आपल्याकडे गाणं स्वतःच प्रसंग असतं. अजय-अतुल यांनी 'सैराट'चं संगीत लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह ध्वनिमुद्रित केलं, ते उगाच नाही. करमाळ्याच्या पोराच्या मनात काय चाललंय ते व्हायोलिनांच्या आवाजात ऐकू येतं. या एका बाबतीत मी आपल्या बाजूने आहे आणि राहणार. कोरियन नायकाला सोळा तासांत जे सांगता येत नाही ते आपला नायक एका कडव्यात सांगतो.

मुलीसाठी: उलटा प्रवास

कोरियन मालिकांवर वाढलेल्यांना थेट नव्वदच्या दशकात ढकलू नका, पहिल्या अर्ध्या तासात ती उठून जातील. सुरुवात 'मुंबई-पुणे-मुंबई'ने (२०१०) करा. मुंबईची मुलगी स्थळ बघायला पुण्याला येते, रस्त्यात एक अनोळखी मुलगा भेटतो, आणि दिवसभर फक्त बोलणं. सतीश राजवाडेंनी दोन माणसांवर अख्खा चित्रपट पेलला आहे.

मग 'द लंचबॉक्स' (२०१३). चुकीच्या पत्त्यावर गेलेला डबा आणि त्यातून सुरू झालेली चिठ्ठ्यांची देवाणघेवाण. वरच्या मजल्यावरून टोपलीतून मसाले सोडणाऱ्या देशपांडे आंटी कधीच दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज येतो. 'हात धरायला आठ भाग' चालतात ज्यांना, त्यांना हा चित्रपट शंभर टक्के आवडतो.

त्यानंतर तमिळ '९६' (२०१८). शाळेच्या बॅचचं बावीस वर्षांनी संमेलन, राम आणि जानू, एक रात्र. शाळेत असल्यापासून तो तिला एक गाणं म्हणायला सांगत आलाय आणि तिने ते कधी म्हटलेलं नाही. त्या रात्री त्याच्या घरी वीज जाते, आणि अंधारात ती तेच गाणं सुरू करते. तो धडपडत बाहेर येतो, दिवा शोधतो, ठेचकाळतो. विजय सेतुपतीचा तो गोंधळ बघितला की मेणबत्ती धरून उभा राहिलेला कोरियन कप्तान त्याचा दूरचा भाऊ वाटायला लागतो. 'सैराट' आणि 'दिलवाले' यानंतर, एकापाठोपाठ एक दाखवा. भांडण होईल. व्हायलाच हवं.

मत मांडायची वेळ आली की

मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणीतरी विचारणारच, "कशी वाटली?" 'मस्त' आणि 'बोअर' सोडून काही सांगायचं असेल तर तीन गोष्टी आठवा. कोण बदललं? दोघंही बदलले, की नुसती तीच समजूतदार झाली? अडथळा कसा दूर झाला: कुणी काही केलं म्हणून, की लेखिकेने ट्रक पाठवला म्हणून? आणि शेवट आधीच्या गोष्टीतून आला, की प्रेक्षक नाराज होतील म्हणून चिकटवला? मला न आवडणं आणि मालिका वाईट असणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शेवट फोडू नका, विशेषतः 'रिप्लाय १९८८'मध्ये नवरा कोण, हे. आणि कलाकारांच्या खासगी आयुष्यावरून मालिकेचा निकाल लावायच्या भानगडीत पडू नका. तो वेगळा बाजार आहे आणि त्याला अंत नाही.

दुसरी मालिका निवडताना नट बघू नका, लेखिका बघा. हिंदीत आपण दिग्दर्शकाच्या नावावर तिकीट काढतो, तिकडे तो मान लेखिकेला आहे. 'क्रॅश लँडिंग' आवडली तर पार्क जी-उन यांची 'क्वीन ऑफ टिअर्स' (२०२४) घ्या, तिथे लग्न आधीच झालेलं आहे आणि प्रेम पुन्हा शोधायचंय. चटपटीत संवाद आणि थोडी जादू आवडत असेल तर किम उन-सुक यांची 'गॉब्लिन' (२०१६-१७). संथ, आयुष्यभर पसरलेलं काही हवं असेल तर २०२५ ची 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स': जेजू बेट, समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढणारी आई, कवयित्री व्हायचं स्वप्न बघणारी मुलगी, आणि तिच्यासाठी कोबी विकणारा, फारसं न बोलणारा मुलगा.

आवडता नट अचानक दीड-दोन वर्षं दिसेनासा झाला तर घाबरू नका, सक्तीच्या लष्करी सेवेवर गेला असेल. आणि दोन मालिका बघूनही काहीच वाटलं नाही, तर प्रेमकथेचा नाद सोडून कोरियन थ्रिलर लावा. तिथे हात धरायला कुणाला वेळच नसतो.